पथ्य एकाचे, गिरणी सगळ्यांची



स्मृतिव्याख्यानासाठी एखादा आजार हा विषय निवडला, की त्यावर डॉक्टरांनीच बोलावे असे वाटणे साहजिक आहे. सीलिअॅक या आजाराच्या बाबतीत मात्र डॉक्टरांचे काम तसे लवकर आटोपते. रक्ताची तपासणी होते, दुर्बिणीतून लहान आतड्याचे सूक्ष्म तुकडे काढून पाहिले जातात, निदान होते आणि रुग्णाला सांगितले जाते की आजपासून गहू, जव आणि राय (‘rye’ हे धान्य) आयुष्यभरासाठी बंद. मूळ आजारासाठी गोळी नाही, इंजेक्शन नाही, शस्त्रक्रियाही नाही. पुढचा सगळा उपचार स्वयंपाकघरात होतो. त्यामुळे हा विषय जितका डॉक्टरांचा, तितकाच गिरणीवाल्याचा, किराणा दुकानदाराचा, लग्नातल्या आचाऱ्याचा आणि शाळेत डब्याच्या सुट्टीवर लक्ष ठेवणाऱ्या बाईंचा आहे. मला आज एकच गोष्ट मांडायची आहे. ग्लुटेनमुक्त आहारावर माणूस उत्तम आणि समाधानाने जगू शकतो, आणि त्यासाठी लागणारी धान्ये महाराष्ट्राकडे पिढ्यान् पिढ्या आहेत. पण ती धान्ये निर्धोक अवस्थेत त्याच्या पानापर्यंत पोहोचवणे एकट्या रुग्णाच्या हातात नाही. आपण मात्र ते ओझे त्याच्या एकट्याच्या डोक्यावर ठेवून मोकळे झालो आहोत.

आधी आजार समजून घेऊ. गव्हाच्या पिठाला जो चिकटपणा येतो, पोळी न तुटता लाटता येते, पाव फुगतो, तो ग्लुटेन या प्रथिनामुळे. जवात आणि रायमध्येही त्याच कुळातली प्रथिने असतात. ही प्रथिने आपल्या पाचकरसांना पूर्णपणे तोडता येत नाहीत, त्यांचे काही लांबट तुकडे तसेच शिल्लक राहतात. बहुतेकांना त्याचा काहीच उपद्रव होत नाही. परंतु ज्यांच्या जनुकांत डीक्यू 2 किंवा डीक्यू 8 ही ठेवण असते, त्यांच्यापैकी काहींची रोगप्रतिकारशक्ती या तुकड्यांना शत्रू समजते आणि त्यांच्याशी लढताना स्वतःच्याच आतड्याचे अस्तर उद्ध्वस्त करते. लहान आतड्याच्या आत सूक्ष्म उंचवट्यांची दाट लव असते. अन्नातले सत्त्व शोषून घेण्याचे काम तिचे. ही लव झिजून सपाट झाली, की माणूस पोटभर जेवूनही उपाशी राहतो. लहान मुलांत जुलाब, फुगलेले पोट, खुंटलेली वाढ दिसते. मोठ्यांत कित्येकदा पोटाची तक्रार नसतेच. लोहाच्या गोळ्या घेऊनही न हटणारा पंडुरोग, ठिसूळ हाडे, वारंवार होणारा गर्भपात, सतत येणारे तोंडातले फोड, कारण न सापडणारा थकवा, अशा आडवाटांनी आजार पुढे येतो. याला घरोघरी ‘गव्हाची अॅलर्जी’ म्हणतात, पण अॅलर्जीत जी धोक्याची घंटा लगेच वाजते ती येथे बहुधा वाजत नाही. रुग्णाने पोळी खाल्ली आणि त्याला काहीच झाले नाही, असे दिसू शकते. आत अस्तराची झीज चालूच असते. पुढच्या साऱ्या गैरसमजांचे मूळ या दिसण्या-न दिसण्यात आहे.

या आजाराचा इतिहास मला फार बोधप्रद वाटतो, कारण त्यात एक चूक वारंवार होते आणि ती आपण आजही करतो आहोत. लंडनच्या सॅम्युएल गी यांनी 1888 साली या आजाराचे आधुनिक वैद्यकातले पहिले नेमके वर्णन केले. रुग्ण बरा व्हायचा असेल तर तो आहारानेच होईल, हे त्यांनी अचूक ओळखले. पिष्टमय पदार्थ कमी करा, असेही सांगितले. पण पातळ कापून दोन्ही बाजूंनी भाजलेल्या पावाला त्यांनी परवानगी दिली. दिशा बरोबर होती, तरी गुन्हेगार ताटात राहिला. पुढे 1924 मध्ये अमेरिकेतल्या सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार आणला. पाव, बिस्किटे, बटाटे बंद आणि भरपूर केळी. मरणपंथाला लागलेली मुले त्या आहाराने उभी राहिली, आणि केळ्यात काहीतरी औषधी गुण आहे असा समज दृढ झाला. वास्तविक केळ्याने काहीच बरे केले नव्हते. गहू बंद झाल्याने आतडे सावरले होते. पण श्रेय केळ्याला गेल्यामुळे, मूल ठणठणीत झाले की त्याला पुन्हा पाव खायला मोकळीक मिळे, आणि आजार परत येई.

हा गुंता सोडवला हॉलंडच्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाने. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण अन्नटंचाई झाली, पाव मिळेनासा झाला, आणि त्या उपासमारीत सीलिअॅकची मुले उलट सुधारली. ते पाहून डिके यांना शोध लागला, अशी गोष्ट सांगितली जाते. गोष्ट चटका लावणारी आहे, पण अपुरी आहे. डिके यांचा गव्हावरचा संशय 1930 च्या दशकातला, आणि गव्हाविना आहाराविषयी त्यांनी 1941 मध्येच लिहिले होते. दुष्काळाने त्यांच्या संशयाला बळ दिले. पुढे मुलांना ठराविक आहार देऊन, त्यांच्या मलातली चरबी मोजून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तो सिद्ध केला. 1950 साली उट्रेख्त विद्यापीठात त्यांचा प्रबंध सादर झाला. 1952 मध्ये बर्मिंगहॅमच्या शार्लट अँडरसन आणि सहकाऱ्यांनी गव्हातला नेमका ग्लुटेन हाच घटक दोषी असल्याचे दाखवले. आतड्याचे अस्तर कसे सपाट होते, हेही त्याच दशकात उलगडले. हास आणि डिके यांच्या पद्धतीत फरक काय? हास यांनी रुग्ण काय खातो आहे ते पाहिले. डिके यांनी रुग्णाच्या पोटात काय जात नाही ते पाहिले.

आज आपल्याकडे केळ्याची जागा भरडधान्यांनी घेतली आहे. 2023 हे वर्ष भारताच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, आणि ज्वारी, बाजरी, नाचणीला जो मान मिळाला तो मिळायलाच हवा होता. पण या उत्साहात ज्वारी ही सीलिअॅकवरचे औषध असल्यासारखे बोलले जाते. ज्वारी काहीही बरे करत नाही. ज्वारीत ग्लुटेन नाही, एवढाच तिचा या संदर्भातला गुण, आणि तो गुण तिच्यात गव्हाचे पीठ मिसळेपर्यंतच टिकतो. दुकानात नाचणीची बिस्किटे म्हणून जे मिळते त्याच्या वेष्टनावरची घटकांची यादी वाचा. कित्येकदा पहिले नाव मैद्याचे किंवा गव्हाच्या पिठाचे असते आणि नाचणी मागून येते. ‘मल्टिग्रेन’ पिठात बहुधा गहूच जास्त. थालिपिठाच्या भाजणीत कित्येक घरी गहू पडतो, मेतकुटातही पडतो. कुरडई तर गव्हाच्या चिकाचीच. सातूचे पीठ जवाचे असो की गव्हाचे, दोन्ही वर्ज्य. माल्ट घातलेली दुधात मिसळायची पूड जवाची असते. सोया सॉसमध्ये बहुधा सोयाबीनबरोबर गहूही असतो. धान्याचे नाव वाचून निश्चिंत झालेला रुग्ण हास यांच्याच चुकीच्या वाटेने जातो.

आता मी तुम्हाला पिठाच्या गिरणीत घेऊन जातो, कारण माझ्या म्हणण्याचा गाभा तेथे आहे. संध्याकाळची वेळ, ओळीने लावलेले डबे, त्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या. एका डब्यातले गहू दळून झाले, मागचा डबा ज्वारीचा. चक्की बंद केली तरी पाळूंच्या मध्ये, खालच्या नळात, कापडी पिशवीत गव्हाचे पीठ राहतेच. पुढचे दळण सुरू झाले की ते ज्वारीबरोबर खाली येते. समजा, पाच किलो ज्वारीत असे फक्त 50 ग्रॅम गव्हाचे पीठ आले. दळण घरी नेणाऱ्या बाईंना ते कळणारही नाही. पिठाचा रंग बदलत नाही, भाकरी तशीच थापली जाते. गव्हाच्या पिठात साधारण आठ टक्के ग्लुटेन धरला, तर 50 ग्रॅममध्ये तो चार ग्रॅम झाला, म्हणजे दर किलो पिठामागे 800 मिलिग्रॅम. ज्या पदार्थावर ‘ग्लुटेनमुक्त’ लिहायचे, त्यात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नको, असे आपल्या अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचे आणि कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांचेही प्रमाण आहे. आपल्या गिरणीतली ‘शुद्ध ज्वारी’ त्या मर्यादेच्या चाळीसपट झाली. पाच किलोत ती मर्यादा पाळायची असेल, तर गव्हाचे पीठ सव्वा ग्रॅमच्या वर जाता कामा नये. सव्वा ग्रॅम म्हणजे एक चिमूट, फार तर दोन.

कोणी म्हणेल, हा कागदावरचा हिशेब झाला, शरीर इतके काटेकोर नसते. दुर्दैवाने असते. 2007 मध्ये इटलीतल्या कार्लो कटासी आणि सहकाऱ्यांनी आहार काटेकोर पाळणाऱ्या प्रौढ रुग्णांना 90 दिवस रोज ठराविक ग्लुटेनच्या कॅप्सूल दिल्या. रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन घेणाऱ्यांच्या आतड्याचे अस्तर झिजल्याचे त्यांना आढळले. एका पोळीत 30 ग्रॅम कणीक धरली, तर तीत सुमारे 2400 मिलिग्रॅम ग्लुटेन असते. म्हणजे धोक्याचे प्रमाण एका पोळीचा जेमतेम पन्नासावा भाग. आणि आपण पाहिले त्या गिरणीतल्या दीडशे ग्रॅम पिठाच्या दोन भाकरी खाल्ल्या, तर पोटात 120 मिलिग्रॅम ग्लुटेन जातो. रुग्णाने वर्षभर पोळीला हात लावला नाही, भाकरीवर राहिला, तरी त्याचे हिमोग्लोबिन वाढत नाही आणि रक्तातली प्रतिपिंडे उतरत नाहीत. मग डॉक्टर विचारतात, पथ्य नीट पाळता ना? घरचे संशयाने पाहतात, चोरून काही खातो की काय. त्याने पथ्य मोडलेले नसते. ते गिरणीत मोडलेले असते. हा दोष आपल्याच गिरण्यांचा आहे असेही नाही. अमेरिकेत 2010 साली मुळात ग्लुटेन नसलेल्या धान्यांचे आणि पिठांचे 22 नमुने तपासले गेले, त्यातले 7 नमुने 20 मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडणारे निघाले. जेथे गहू आणि इतर धान्य एकाच यंत्रातून, एकाच ट्रकमधून, एकाच गोदामातून जाते, तेथे हे होणारच.

हाच हिशेब स्वयंपाकघरातही लावून पाहावा, म्हणजे कशाची भीती किती बाळगायची ते कळते. बाजारातला बांधणीचा हिंग बहुतेक वेळा मैदा किंवा तांदळाचे पीठ आणि डिंक मिसळून केलेला असतो. मैद्याचा असेल तर चिमूटभर हिंगातून चौघांच्या आमटीत आठ-दहा मिलिग्रॅम ग्लुटेन जाऊ शकतो, म्हणजे एकाच्या वाट्याला दोन-अडीच. तो एकटा घात करणार नाही. पण आमटी, भाजी, ताक, लोणचे असे दिवसभरात साठत जाते, आणि तांदळाच्या पिठाचा हिंग त्याच दुकानात मिळत असताना ते साठू देण्याचे कारण नाही. त्याहून मोठा धोका ओट्यावर आहे. पोळ्या लाटताना उडणारी पिठी शेजारी उघड्या असलेल्या भाजीवर बसते. कणीक मळलेल्या परातीत तशीच भाकरी थापली जाते. ज्या कढईत सकाळी पुऱ्या तळल्या, त्याच तेलात संध्याकाळी साबुदाण्याचे वडे पडतात. लाकडी पोळपाट कितीही धुतला तरी त्याच्या भेगांत पीठ राहते. म्हणून घरात वेगळी परात, वेगळा पोळपाट, वेगळी चाळण हवी, भाकरी आधी आणि पोळ्या नंतर हा क्रम हवा. सर्वांत सोपे म्हणजे घरातली एक वेळ सगळ्यांचीच भाकरी-भाताची करणे. बाजारातून पीठ आणण्याऐवजी अख्खे धान्य आणावे. ज्वारीत पडलेला गव्हाचा दाणा डोळ्यांना दिसतो, निवडता येतो. दळल्यावर त्याला शोधणे अशक्य. निवडून, धुऊन, वाळवून घरच्या छोट्या चक्कीवर दळले, आणि त्या चक्कीत गहू कधीच घातला नाही, तर निम्मी लढाई जिंकली.

पण घरची चक्की प्रत्येकाला परवडत नाही, परवडली तरी एका खोलीच्या घरात ती ठेवायची कोठे हा प्रश्न उरतो. म्हणून मी पुन्हा गिरणीकडे येतो. अनेक गिरण्यांत गव्हाची आणि भाकरीच्या धान्यांची अशा दोन चक्क्या असतातच. तेथे अडचण यंत्राची नसते, शिस्तीची असते. घाई झाली की ज्वारीच्या चक्कीवर गहू चढतात. एकच चक्की असलेल्या गिरणीला आठवड्यातला एक दिवस, चक्की पूर्ण उघडून झाडून घेतल्यावर, फक्त ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांच्यासाठी ठेवता येईल. पहिले दोन किलो दळण बाजूला काढून इतर घरांना देता येईल. यात खर्च जवळजवळ नाही. औषधाच्या कारखान्यात एका औषधाची भुकटी दुसऱ्यात मिसळू नये म्हणून कायदा आहे, तपासनीस आहेत. सीलिअॅकच्या रुग्णाचे औषध गिरणीत तयार होते, तेथे कोणीच विचारत नाही. विचारणारा एकटा रुग्ण असतो, आणि त्याला उत्तर मिळते, ‘एवढ्याने काय होतंय?’

या प्रश्नामागे काही प्रामाणिक आक्षेप आहेत. त्यांना उत्तर द्यायला हवे. पहिला आक्षेप असा, की हा पंजाब-हरियाणाचा आजार, भाकरी-भात खाणाऱ्या मराठी माणसाला त्याचे काय? 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत देशाच्या तीन भागांतल्या 23 हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी झाली. उत्तरेत या आजाराचे प्रमाण 1.23 टक्के, ईशान्येत 0.87 आणि दक्षिणेत 0.10 टक्के आढळले. आक्षेपाला बळ देणारेच हे आकडे आहेत, असे वाटेल. पण त्याच पाहणीत आजाराला वाव देणारी जनुके तिन्हीकडे सुमारे तृतीयांश लोकांत सापडली. फरक होता तो गव्हाच्या प्रमाणात: उत्तरेत माणशी रोज साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, दक्षिणेत 25 ग्रॅम. ईशान्येत गहू थोडा असूनही आजार बराच आढळला, म्हणजे गव्हाच्या वजनाने सगळे ठरत नाही, आणखीही काही कारणे आहेत. तरी गहू ही पहिली अट आहे, ती पुरी झाल्याशिवाय आजार नाही. या पाहणीत मधला महाराष्ट्र नव्हता. पण आपण कोणत्या दिशेने चाललो आहोत ते उघड आहे. 1980 च्या दशकात राज्यात ज्वारीखाली जेवढी जमीन होती, तिच्या निम्म्याहूनही कमी आज उरली आहे. रेशनवर गहू आणि तांदूळ मिळतो. सोलापूर आणि मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची भाकरी खाणाऱ्या घरातही पाहुणा आला की पोळी होते, आणि मुलांच्या डब्यात पोळी-भाजीच्या जोडीला बिस्किटे आणि नूडल्स जातात. ज्या समाजात जनुके आहेत आणि गहू वाढतो आहे, त्याने हा आजार परक्यांचा समजू नये.

दुसरा आक्षेप अगदी उलट बाजूचा. ग्लुटेनमुक्त हे श्रीमंतांचे फॅड आहे, नटनट्यांचे वजन कमी करायचे खूळ आहे. फॅड आहे हे मान्य. ज्यांना हा आजार नाही, गव्हाचा अन्य काही त्रास नाही, त्यांनी गहू सोडून काही साधते असा पुरावा नाही. परंतु या फॅडची किंमत रुग्ण मोजतो. हॉटेलातला वेटर समोरच्याला आवड म्हणून मागणारा समजतो आणि सूपात मैदा असूनही ‘चालेल’ म्हणतो. आणखी एक नुकसान याहून मोठे आहे. कोणाच्या तरी सांगण्यावरून, तपासणीआधीच गहू बंद केला जातो. मग प्रतिपिंडे उतरतात, आतडे सावरू लागते आणि तपासणी खोटा दिलासा देते. निदान व्हायचे असेल तर तपासणी होईपर्यंत गहू खात राहिले पाहिजे. हे उलटे वाटते, पण निदानाशिवाय सुरू केलेले पथ्य टिकत नाही, आणि जवळच्या नातेवाइकांची तपासणी होत नाही. आई-वडील, भावंडे, मुले यांच्यात साधारण दर तेरा-चौदा जणांत एकाला हा आजार सापडतो.

तिसरा आक्षेप आपल्या मातीतला असल्यामुळे जास्त मनाला भिडतो. आजोबा-पणजोबा गहूच खात होते, दोष नव्या संकरित वाणांचा आहे, सातारा-सांगलीकडची खपली खा, काही होणार नाही, असे सांगितले जाते. खपली हा जुना आणि चवीचा गहू आहे, पुरणपोळीला त्याची तोड नाही. पण तो गहूच आहे. त्यात ग्लुटेन आहे. सीलिअॅकच्या रुग्णाला खपली, बन्सी, सरबती सगळे सारखेच वर्ज्य. आणि जुन्या काळी हा आजार नव्हता, असे म्हणायला आधार नाही. दुसऱ्या शतकातल्या कॅपाडोशियाच्या आरेटियस या ग्रीक वैद्याने जुनाट जुलाबाने खंगत जाणाऱ्यांचे जे वर्णन केले, त्यातूनच या आजाराला आजचे नाव मिळाले. आपल्याकडे संग्रहणी म्हणून गेलेल्या कित्येकांना हाच आजार असेल, तपासायला काही नव्हते एवढेच.

चौथा आक्षेप पोषणाचा, आणि त्यात तथ्य आहे. गहू सोडलेला माणूस भात, बटाटा, साबुदाणा यांवर येतो. हे सगळे ग्लुटेनमुक्त, पण लोह, तंतू, प्रथिने या सगळ्यांत तोकडे. महागडी ग्लुटेनमुक्त बिस्किटे आणि पाव तर स्टार्च, साखर आणि तुपाचेच. आतड्याने आधीच वर्षानुवर्षे गमावलेले असताना असा आहार पुरणार नाही. येथे मात्र मराठी स्वयंपाकघर जगातल्या कोणत्याही स्वयंपाकघरापेक्षा श्रीमंत आहे, आणि हे मी अभिमानाने म्हणतो. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, ठिसूळ झालेल्या हाडांना ते हवेच आहे. बाजरीत लोह आहे. आंबोळी, घावन, धिरडी, तांदळाची भाकरी, उकडीचे मोदक, अनारसे, पिठले, झुणका, मुगाचे कढण, अळूची वडी यांतल्या कशालाच मुळात गहू लागत नाही. पाव, पास्ता, बिस्किटांवर वाढलेल्या युरोपातल्या रुग्णाला सगळा आहार नव्याने शिकावा लागतो. मराठी रुग्णाला आजीचा आहार आठवावा लागतो. उपवासाची वरई, राजगिरा आणि शिंगाडा ही तीन पिठे आपण वर्षातून मोजक्या दिवशी काढतो, ती त्याच्या घरी रोजची होऊ शकतात.

मग अडते कोठे? पंगतीत अडते. आहार उत्तम असूनही माणूस दुःखी होतो, कारण तो सगळ्यांबरोबर जेवू शकत नाही. सत्यनारायणाचा शिरा हातावर ठेवला जातो आणि तो नाकारणारा नास्तिक किंवा उद्धट ठरतो. वाढदिवसाला केक न खाणारे मूल कोपऱ्यात बसते. लग्न ठरताना मुलीचा आजार लपवला जातो, आणि मग सासरी तिला लपूनछपून पथ्य पाळावे लागते किंवा सोडून द्यावे लागते. येथे धर्माची अडचण पुढे करणाऱ्यांनी एक उदाहरण पाहावे. कॅथलिक पंथात मिस्साच्या विधीतली भाकर गव्हाचीच असावी हा नियम अत्यंत कडक आहे. तरीही 2017 मध्ये व्हॅटिकनने पत्र काढून स्पष्ट केले, की पूर्ण ग्लुटेनमुक्त भाकर ग्राह्य नसली तरी अत्यल्प ग्लुटेनची ग्राह्य आहे. आणि ज्यांना तीही चालत नाही, त्यांना केवळ द्राक्षारसाच्या रूपात कम्युनियन घेता येते. गोव्यातल्या आणि वसईतल्या रुग्ण भाविकांनाही तो मार्ग खुला आहे. इतक्या कडक नियमाला वाट सापडते, तर आपल्या प्रसादाला कोणताच अडसर नाही. शिऱ्याचे ताट उघडण्याआधी वेगळ्या वाटीत केळे, खडीसाखर, पंचामृत काढून ठेवले की झाले. पूजा सांगणाऱ्या गुरुजींनी एकदा तोंडाने तसे सांगितले, तर त्या घरात पुन्हा कोणी वाद घालणार नाही.

शेवटचा आक्षेप संख्येचा. शंभरात जेमतेम एकासाठी सगळी व्यवस्था बदलायची का? इटलीने ती बदलली. पास्ता आणि पिझ्झाच्या या देशाने 2005 साली कायदा करून सीलिअॅकला सामाजिक आजार म्हणून मान्यता दिली. रुग्णांना ग्लुटेनमुक्त पदार्थांसाठी दरमहा सरकारी मदत मिळते, आणि शाळा-रुग्णालयांच्या सरकारी भोजनगृहांत मागेल त्याला ग्लुटेनमुक्त जेवण द्यावे लागते. गव्हावर ज्यांची संस्कृती उभी, त्यांना हे जमले. आपल्याकडे तर पर्यायी धान्य शेतात उभे आहे. आपल्याला करायचे आहे ते याहून थोडे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने 2013 पासून भरडधान्य रेशनवर देण्याची सोय केली आहेच. निदानाचा दाखला असलेल्या कुटुंबाला गव्हाऐवजी ज्वारी किंवा तेवढाच तांदूळ मिळावा, एवढा बदल पुरे. ज्वारीचा भाव आज कित्येकदा गव्हाच्या वर असतो, त्यामुळे मजुरी करणाऱ्या घरातला रुग्ण डॉक्टरांनी सांगितलेले पथ्य पैशाअभावी मोडतो. ते त्याने मोडू नये, हे पाहणे सरकारचे काम आहे. वेष्टनावर ग्लुटेन असलेल्या धान्यांची नोंद बंधनकारक आहे, पण सुटे पीठ, सुटे फरसाण, हॉटेलातली ‘ज्वारीची भाकरी’ यांना वेष्टनच नसते. तेथे दुकानदाराच्या शब्दावर एकाच्या आतड्याचे आरोग्य ठरते. ग्लुटेनचा उपद्रव रोखणारी औषधे प्रयोगात आहेत. 2021 मध्ये त्यातल्या एकाचे आशादायक निष्कर्ष प्रसिद्धही झाले. ती बाजारात येतील तेव्हा येतील. तोवर पथ्य हाच उपचार आहे, आणि पथ्य पाळणाऱ्याची आतडी बहुतेक वेळा खरोखर भरून येतात; मुलांत काही महिन्यांत, मोठ्यांत एक-दोन वर्षांत, कधी त्याहून उशिरा. आजार इतका आज्ञाधारक असताना त्याने कोणाचे आयुष्य पोखरावे, याला क्षमा नाही.

म्हणून या सभागृहातून जाताना माझ्या तीन विनंत्या सोबत न्याव्यात. तुमच्या घरात कोणाचा पंडुरोग लोहाच्या गोळ्यांनी हटत नसेल, मुलाची उंची थांबली असेल, तर गहू बंद करण्याआधी डॉक्टरांकडे या आजाराची रक्ततपासणी करण्याचा आग्रह धरा. तुमच्याकडे पंगतीला येणारा कोणी ‘मला गहू चालत नाही’ म्हणाला, तर त्याला ‘एवढ्याने काय होतंय’ असे म्हणू नका. त्याचे पान आधी वाढा आणि वाढण्याचा डाव वेगळा ठेवा. आणि उद्या दळण टाकायला जाल तेव्हा गिरणीवाल्याला विचारा, भाकरीच्या धान्याची चक्की वेगळी आहे का, आणि नसेल तर आठवड्यातला एक दिवस त्यासाठी राखून ठेवाल का. ज्यांच्या घरात हा आजार नाही, त्यांनी हे आवर्जून विचारावे. एकट्या रुग्णाच्या विनंतीकडे गिरणीवाला दुर्लक्ष करू शकतो, गल्लीतल्या दहा घरांच्या विनंतीकडे करणार नाही.